वजन कुठल्या पायावर आहे, ते बघ

आधी चहा टाक, आलं घालून, आणि मग रड काय रडायचं ते. बिगिनर्समधून तुला वरच्या बॅचमध्ये पाठवलंय, क्लासातून नाव काढलेलं नाही. पण हा फरक आज तुला दिसायचा नाही, कारण कालचा क्लास अजून तुझ्या डोळ्यांपुढे नाचतोय. आणि तोही तुझ्यापेक्षा बरा नाचतोय! हस गं जरा.

काय झालं असेल ते मी तिथे नसतानाही सांगते. बारपाशी तसं बरं चाललं होतं. मग बार बाजूला सारला, सगळ्या सेंटरला आल्या. मिसनी कॉम्बिनेशन एकदाच दाखवलं, तेही अर्धं नुसतं हातांनी, तोंडाने फ्रेंच पुटपुटत. ‘अँड’ म्हणाल्या, पियानो सुरू झाला, आणि चौथ्या मात्रेला तू डावीकडे तर बाकीचं गाव उजवीकडे. समोरून आलेली ती सोळा वर्षांची पोरगी हसली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती ‘सॉरी आंटी’ म्हणाली आणि तेच जास्त लागलं. बरोबर ना?

मला कसं ठाऊक म्हणतेस? अगं, मी यातून गेलेय. मी 34व्या वर्षी बॅले शिकायला लागले. लहानपणी सात वर्षं कथक केलेलं, त्यामुळे अंगात थोडी मिजास होती. पहिल्याच दिवशी आत शिरल्याबरोबर सवयीने भूमीला नमस्कार केला. मिस थांबल्या, सगळा क्लास थांबला, आणि कुणीतरी हळूच विचारलं, काही पडलं का खाली? पुढे कळलं की यांचाही नमस्कार असतो, फक्त तो क्लास संपल्यावर करतात आणि त्याला रेव्हेरांस म्हणतात. तर सांगायचं काय, मला वरच्या बॅचमध्ये टाकलं तेव्हा पहिले तीन शनिवार मी खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून रडले. हेल्मेट घालून, म्हणजे कुणाला दिसायला नको. आतून काच धूसर झाली आणि वॉचमनने येऊन विचारलं, ताई, चक्कर येतेय का?

मग मी जे केलं ते तू करू नकोस, म्हणून ही सगळी बडबड. मी ठरवलं की घरी रोज दीड तास पूर्ण क्लास करायचा. व्हिडिओ लावायचा, बारपासून उड्यांपर्यंत सगळं. बार म्हणून बाथरूमच्या बाहेरचा टॉवेलचा दांडा धरला. तिसऱ्या दिवशी तो स्क्रूसकट भिंतीतून निघून माझ्या हातात आला. ग्रां बात्मांच्या वेळी पाय डोक्यापर्यंत न्यायची हौस, तो गेला थेट लोणच्याच्या बरणीवर. टाइल्सवर उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, मसाला कुटताय का, मला पण अर्धा किलो हवाय. दहा दिवसांत गुडघा सुजला आणि पुढचे दोन शनिवार बुडाले. थोडक्यात, क्लासच्या बरोबरीला यायच्या नादात क्लासच बुडाला.

खरं सांगू का, वरच्या बॅचमध्ये आपण मागे पडतो ते पाय कमी उचलला जातो म्हणून नाही. पाय कमी उचलला तर तो कमी उंच दिसतो, एवढंच. त्याने कुणी कुणावर आदळत नाही. आदळतो ते वजन चुकीच्या पायावर राहिलेलं असतं म्हणून. म्हणजे बघ, एक तुकडा संपला आणि पुढचा सुरू व्हायला उजवा पाय मोकळा हवा, पण तू तर त्याच्यावरच उभी आहेस. मग तू घाईत काहीतरी बदलतेस, तोवर दोन मात्रा गेलेल्या असतात, आणि मेंदू ‘मला येत नाही’ म्हणून दुकान बंद करतो. बारला हे लपून जातं, कारण तिथे एक पाय आधाराचा आणि एक कामाचा हे ठरलेलंच असतं. सेंटरला आल्यावर मात्र पाय बदलायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून घरी करायचा पहिला अभ्यास हा. प्रत्येक स्टेप संपली की थांब आणि विचार, वजन कुठे आहे? उजव्यावर, डाव्यावर, की दोन्हींवर? पा द बुरे घे. तीनच पावलं, मागे, बाजूला, पुढे. यात अवघड काही नाही, आपण भाजीवाल्याच्या गर्दीतून असंच वाट काढत जातो. पण तिसऱ्या पावलाला तू कुठल्या पायावर उभी आहेस आणि कुठला मोकळा आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. हे करायला ना शूज लागतात ना आरसा. बेडरूम ते स्वयंपाकघर जाता-येता होतं.

उड्यांचंही तेच. ग्लिसाद, आसांब्ले, सिसोन, शांजमां अशी नावं ऐकून पोटात गोळा येतो ना? पण सगळ्या जगातल्या उड्या मिळून पाचच प्रकारच्या आहेत बघ. दोन पायांवरून दोन पायांवर, दोनवरून एकावर, एकावरून दोनवर, एकावरून दुसऱ्यावर, आणि एकावरून त्याच एकावर. संपलं. शेवटचा प्रकार म्हणजे आपली लंगडी! शाळेच्या मैदानावर धूळ खात आपण तां लव्हे करत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. ठिकरीच्या खेळात लंगडी घालत येऊन जोडघरात दोन्ही पाय टेकायचीस ना? एकावरून दोनवर, म्हणजे झालं आसांब्लेचं हिशोबाचं काम. डौल नंतर येईल. आता मिस नवी उडी सांगतील तेव्हा पाय किती सुंदर दिसतोय हे बघू नकोस. कितीवरून निघाल्या आणि कितीवर उतरल्या, एवढंच टिप. मी तर मनात नुसते आकडे म्हणते, दोन-एक, एक-दोन, दोन-दोन.

नावांवरून आठवलं. बॅलेची परिभाषा फ्रेंच आहे, कारण चौदाव्या लुईने 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली आणि तिथल्या मास्तरांनी सगळ्याला नावं देऊन ठेवली. म्हणजे ती नावं म्हणजे काही मंत्र नाहीत, साधे रोजचे शब्द आहेत. प्लिए म्हणजे दुमडलेला. तांद्यू म्हणजे ताणलेला. फोंद्यू म्हणजे वितळलेला, तेव्हा गुडघा कढईत साजूक तूप पातळ होतं तसा सावकाश सैल व्हायला हवा, झटका नको. फ्रापे म्हणजे मारलेला, तिथे मात्र झटकाच हवा. ग्लिसाद म्हणजे घसरणं. आसांब्ले म्हणजे एकत्र आणलेले, दोन्ही पाय हवेत एकमेकांना भेटतात म्हणून. शास्से म्हणजे पाठलाग, एक पाय दुसऱ्याला हुसकून लावतो आणि त्याची जागा घेतो. एका रविवारी दुपारी बसून मी असे पंचवीस शब्द वहीत उतरवले आणि पुढच्या क्लासला मिसच्या पुटपुटण्यातून अर्ध्याअधिक सूचना कळायला लागल्या. दीड तासाच्या घामापेक्षा त्या अर्ध्या तासाच्या वहीने जास्त काम केलं, आता बोल.

आता माझी खास युक्ती. कथकमध्ये तोडा नाचायच्या आधी हातावर ताल धरून बोल म्हणायचे असतात, त्याला पढंत म्हणतात, हे तुला माहीत आहे. आमच्या गुरुजींचा नियमच होता, जे तोंडाला येत नाही ते पायाला येणार नाही. वरच्या बॅचमध्ये चौथ्या शनिवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बॅलेची पढंत का करू नये? क्लास संपला की घामेजलेली असतानाच पार्किंगमध्ये फोन काढायचा आणि आजची दोन कॉम्बिनेशन्स बोलून रेकॉर्ड करायची. ‘तांद्यू पुढे दोन, बाजूला दोन, मागे दोन, बाजूला एक, प्लिए, वळ.’ आठच्या मोजणीत. घरी पोचेपर्यंत थांबू नकोस हं, वाटेत सिग्नलला निम्मं उडून जातं. वहीत मी ‘पु-बा-मा-बा’ लिहिते, पुढे-बाजूला-मागे-बाजूला. त्याला मिस आं क्रुआ म्हणतात, म्हणजे क्रुसासारखं. पहिल्यांदा मला वाटलं की त्यांना खोकला आला!

मग आठवडाभर ती पढंत म्हणायची. भांडी घासताना, लोकलमध्ये, पोळ्या लाटताना. हातांनी पाय करायचे, म्हणजे उजवा तळहात उजवा पाय, डावा तळहात डावा. हा काही माझा शोध नाही, मोठमोठ्या कंपन्यांतले नर्तकही तालमीत दम राखायला असं हातांनी मार्क करतात. लोकलमध्ये समोरची बाई संशयाने बघते, बघू दे. तुला तीनताल येतो, म्हणजे सोळा मात्रा येतात, म्हणजे यांची दोन आवर्तनं तुझ्याकडे आधीपासूनच आहेत. बालांसेचा गोंधळ होतो ना? दादरा म्हण. धा धिं ना उजवीकडे, धा तिं ना डावीकडे, आणि वजन खाली-वर-खाली. झालं की नाही?

एक मात्र जपून. आपलं कथकचं पाऊल जमिनीवर थाप देतं, सम आली की पायाने ती सांगायची. इथे बरोब्बर उलटं. पाय जमिनीला पुसत बाहेर जातो, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटं, आणि त्याच वाटेने परत येतो, आवाज न करता. मी तांद्यू बंद करताना दर वेळी थाप द्यायचे आणि मिस डोळे मिटून घ्यायच्या. शिवाय पटकन होणाऱ्या कामात बहुतेकदा पाय ‘अँड’ला बाहेर जातो आणि ‘एक’ला आत मिटतो. म्हणजे आपली सम बाहेर फेकण्यात नाही, घरी परतण्यात आहे. हे एवढं कळायला मला चार महिने लागले. तुला फुकटात देतेय.

बरं, जागेचं बोलू. तुझा वन बीएचके मला माहीत आहे, सोफा आणि कपाटाच्या मध्ये योगा मॅटही पूर्ण उलगडत नाही. काही बिघडत नाही. ओट्याला धरून करणार असशील तर एक लक्षात ठेव. स्टुडिओतला बार मोठ्यांसाठी साधारण 42 इंचांवर असतो आणि आपला ओटा 32-34 इंचांवर. त्यावर भार दिलास की तो खांदा खाली जातो, कंबर एका बाजूला मोडते, आणि तीच सवय घेऊन तू शनिवारी जाशील. म्हणून ओट्यावर फक्त बोटांची टोकं. त्याहून बरा म्हणजे खिडकीच्या ग्रीलचा आडवा गज, कमरेच्या जरा वर येणारा बघ एखादा. खुर्ची घेतलीस तर तिच्यावर तांदळाचं दहा किलोचं पोतं ठेव, नाहीतर तूही खाली आणि खुर्चीही. आणि टॉवेलचा दांडा? नाव काढू नकोस.

टाइल्सवर उड्या अजिबात मारायच्या नाहीत. स्टुडिओतली लाकडी जमीन आतून लवचीक बांधलेली असते, उतरतानाचा धक्का ती पिते. आपली फरशी काँक्रीटवर चिकटवलेली, ती काहीच पीत नाही, सगळं तुझ्या नडग्यांना आणि गुडघ्यांना परत पाठवते. उड्यांचा अभ्यास घरी म्हणजे वर सांगितलेला आकड्यांचा हिशोब, आणि उडीच्या आधीचा-नंतरचा प्लिए. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, टाच जमिनीला. यावर खालच्या काकूंचंही काही म्हणणं नसतं.

पण फरशीचा एक मोठा उपयोग आहे, तो तुला सांगितलाच पाहिजे. मोजे घाल, ग्रील घट्ट धर, आणि फर्स्ट पोझिशनमध्ये उभी राहा, टाचा जोडून, चवडे बाहेर. क्लासमध्ये शूजची पकड असते, त्यामुळे आपण आधी गुडघे वाकवून पाय हवे तितके फाकवतो आणि मग गुडघे ताठ करतो. जमीन पावलांना धरून ठेवते, बिचारा गुडघा पिळला जातो, आणि आरशात आपण बॅलेरिना दिसतो. मोज्यांतून गुळगुळीत फरशीवर ही लबाडी चालत नाही. पाय आपोआप घसरून आत येतात आणि जिथे थांबतात तेवढाच तुझा खरा टर्नआउट. माझा बघून मला रडूच आलं. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाल्यासारखा! पण बघ, मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत कसं बसलंय हे प्रत्येकीचं जन्मतः वेगळं असतं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. आपल्या हातात असतात ते ते फिरवणारे स्नायू, कुल्ल्यांच्या आत खोलवरचे. कुशीवर झोप, गुडघे वाकव, पावलं जोडलेली ठेव आणि वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघड-मीट. कंबर मागे कलंडू द्यायची नाही. दोन्ही कुशींवर पंधरा-पंधरा वेळा, मुलाला गोष्ट सांगता सांगता होतं. महिन्याभरात पावलं फार बाहेर जाणार नाहीत, पण जेवढी जातील तेवढी खुब्यातून जातील, आणि एकदम सेंटरला पाय बदलणं सोपं होईल. कारण पिळलेल्या गुडघ्यावरून वजन पटकन हलवता येत नाही, हा त्या सुजलेल्या गुडघ्याने शिकवलेला धडा.

कुकर लावलास की शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर टाच वर-खाली, गुडघा सरळ, घोटा बाहेर न कलंडता. फिजिओथेरपिस्ट यासाठी साधारण 25 हा आकडा चांगला धरतात. मी पहिल्या दिवशी नवव्याला ओट्यावर कोसळले, तेव्हा तुझे बारा झाले तर माझ्यापुढे तीन पावलं आहेस. दात घासताना एका पायावर उभी राहा, सकाळी उजवा, रात्री डावा. आणि डाव्या बाजूला फसवू नकोस गं! उजवी बाजू शिकताना आपण जागे असतो, डावीला वाटतं तेच तर आहे, आणि क्लासमध्ये पचका होतो तो नेहमी डावीला. मी घरी आधी डावीच करते.

पिरुएत घरी पूर्ण फिरायचं नाही. मोज्यांत तर मुळीच नाही, माझ्या कोपराला अजून खूण आहे. खरं म्हणजे पिरुएत बिघडतं ते फिरण्यात नाही, वर चढण्यात. प्लिएमधून सरळ एका पायावर, दुसरा पाय गुडघ्याला, हात जागेवर, आणि तिथे राहा. चार मोज. नंतर आठ. उतरताना पडलीस तर नाही, उतरलीस तर जमलं. ते जमलं की पाव फेरी, मग अर्धी. नजरेचं वेगळं कर. दोन्ही पायांवर छोटी पावलं टाकत जागेवरच फिरायचं आणि डोळे भिंतीवरच्या कालनिर्णयच्या आजच्या चौकोनावर. अंग फिरत जाऊ दे, डोकं शेवटपर्यंत मागे राहू दे, आणि मग सर्रकन फिरून पुन्हा तोच चौकोन. फुगडीत आपण मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत फिरतो आणि ते तोंडही आपल्याबरोबर फिरत असतं, म्हणून हात सुटले की घर गरगरतं. कालनिर्णय फिरत नाही. कथकच्या चक्करमध्येही हेच केलंय तू, फक्त तिथे चवड्यावर चढायचं नव्हतं.

हे सगळं मिळून दिवसाची पंधरा मिनिटं, फार तर वीस. आठवड्याला पाच दिवस. सोमवारी तर मी काहीच सांगणार नाही, कारण शनिवारचा क्लास सोमवारी बोलतो. स्नायूंची ती ठसठस एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, आणि जिना उतरताना आईगं झालं म्हणून काही मोडलेलं नसतं. मंगळवारपासून लाग. ताणायचे व्यायाम शेवटी, अंग गरम असताना, अर्धं अर्धं मिनिट. सकाळी उठल्या उठल्या थंड अंगाने स्प्लिट करायला गेलीस तर मी स्वतः येऊन ओरडेन. आणि दुखणं दोन प्रकारचं असतं, एवढं ओळखायला शीक. मांडी, पोटरी पसरट दुखतेय, हालचाल केली की मोकळं होतंय, तर चालू दे. पण गुडघ्यात, घोट्यामागच्या शिरेत, नाहीतर अंगठ्याच्या सांध्यात एका बोटाने दाखवता येईल असं टोचत असेल, तर बंद. आयोडेक्स चोळून पुढे रेटायचं नाही, दाखवून यायचं. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतायत म्हणून पॉइंट शूज मागवलेस ना, तर ते येतील तसे परत जातील, मी कुरिअरवाल्याला सांगून ठेवीन. ते शूज पायाला बघून बसवावे लागतात, आणि कधी घालायचे ते मिस ठरवतात.

क्लासमध्ये उभं कुठे राहायचं, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बारच्या टोकाला चुकूनही उभी राहू नकोस. आपण लाजून कोपरा धरतो, वाटतं, मागे आहोत, पुढचीचं बघून करू. मग दुसरी बाजू करायला सगळ्या वळतात आणि जी शेवटची होती ती होते पहिली! समोर भिंत, बघायला कुणी नाही. माझी तर त्या भिंतीशी चांगली ओळख झाली होती, तिच्यावरची पालसुद्धा मला ओळखायची. मधे उभी राहा, पुढे एक, मागे एक. सेंटरला दुसऱ्या रांगेत. चुकलीस तर थांबू नकोस आणि ‘सॉरी’ म्हणू नकोस, पुढच्या आठच्या पहिल्या मात्रेला चढ, चालती लोकल पकडतात तशी नाही, पुढच्या स्टेशनवर शहाण्यासारखी. आणि पाय हरवले तर हात तरी सांभाळ. हात शांत असले की लांबून अर्धं बरोबर दिसतं. ही लबाडी चालते.

मिसशी पण बोल गं. ‘मला जमत नाहीये’ असं नाही, त्याला त्या काय उत्तर देणार? क्लास सुटल्यावर एक मिनिट थांब आणि विचार, या महिन्यात घरी कुठल्या दोन गोष्टी करू? दोनच. मला सांगितलं होतं, पा द बुरे आणि मान. मान! मी सहा महिने पायांकडे बघत नाचत होते आणि डोकं, जे पाच किलोच्या आसपास असतं, सदैव पुढे लोंबत होतं. ते वर आलं आणि तोलाचा निम्मा प्रश्न सुटला.

घरच्यांचं काय सांगू. माझे मामा अजूनही सगळ्यांना सांगतात की ही रामायणात काम करते. त्यांचंही चूक नाही, शांती बर्धनांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि त्यांचं कठपुतळ्यांच्या चालीचं रामायण इतकं गाजलं की मामांच्या पिढीत बॅले म्हणजे तेच. नवरा विचारतो, एवढं करून स्टेजवर कधी? सासूबाई काही विचारत नाहीत, फक्त मी एका पायावर उभी राहून वरण ढवळत असले की गॅस बारीक करून जातात. आणि तुझं ते वयाचं रडगाणं, ते तर मला सांगूच नकोस. रुक्मिणीदेवी अरुंडेल माहीत आहेत ना, कलाक्षेत्रवाल्या? त्या आधी बॅले शिकल्या होत्या, अॅना पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डींकडे. मग पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या मातीतलं नृत्य शोधायला सांगितलं, त्या भरतनाट्यम शिकल्या आणि 1935 मध्ये अड्यारला पहिल्यांदा लोकांपुढे नाचल्या, तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. तू किती, एकतीस ना? लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने तर पंचावन्नच्या पुढच्यांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ म्हणून वेगळे वर्ग ठेवलेत. माझा डोळा आहे त्यावर.

तर या शनिवारी जा. सगळं जमायचं नाही, आधीच सांगते. तीनपैकी एक कॉम्बिनेशन शेवटपर्यंत नेलंस तरी येताना वडापाव खा माझ्या नावाने. मला पहिलं पूर्ण कॉम्बिनेशन सातव्या शनिवारी जमलं, आणि ते जमलंय हे कळल्याच्या आनंदात मी शेवटच्या पोजमधून थेट स्पीकरवर गेले.

आणि हो, ते नवे कॅनव्हासचे शूज आणलेस त्यांना इलॅस्टिक शिवलंस का? नाही ना. आज रात्री शिव. दोन पट्ट्या, घोट्यापुढे फुलीसारख्या, घालून बघून मगच टाके घाल, आणि ती पुढची नाडी गाठ मारून आत खोच, फुलपाखरासारखी बाहेर मिरवू नकोस, मी वर्षभर मिरवली. रविवारी फोन कर, अकराच्या सुमाराला. तेव्हा मी कणीक मळत असते, हात अडकलेले असतात पण कान मोकळे असतात. कॉम्बिनेशन म्हणून दाखव, दोन्ही बाजूंनी, आधी डावी. आणि शेवटच्या मात्रेला वजन कुठल्या पायावर, ते मी विचारणार आहे.